'१५ मिनिटांत' छापताना चिरण्याचा वेळही धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवण्यांतल्या 'झटपट रात्रीचं जेवण' छापाच्या पाककृती नीट वाचल्या, तर निम्मं काम साहित्याच्या यादीतच उरकलेलं दिसतं. 'दोन कांदे बारीक चिरून, एक गाजर किसून, तीन बटाटे उकडून, अर्धी वाटी डाळ चार तास भिजवून' आणि खाली 'लागणारा वेळ: १५ मिनिटं'. ही १५ मिनिटं गॅस पेटल्यापासूनची असतात. कांदा कोणीतरी चिरायचा असतो, उकडलेला बटाटा हाताला सोसेल इतका निवल्याशिवाय सोलता येत नाही, आणि वाटणाचं मिक्सरचं भांडं जेवणानंतर सिंकमध्ये वाट पाहत असतं. दुसरी पाळी संपवून रात्री घरी पोचलेल्या नर्सला किंवा कल्याण-कर्जतच्या गर्दीतून उतरलेल्या माणसाला अशा पाककृतीचा काय उपयोग? सुट्टीच्या दिवशी हौसेनं करायला ती ठीक आहे.

दमलेल्या रात्रीच्या जेवणाला तीन मापं लावावीत: चिरायचं किती, भांडी किती, आणि गॅससमोर किती वेळ उभं राहायचं. ही मापं लावली की आपल्याकडची पिठाची जेवणं सगळ्यांत वर येतात. धान्य आधीच दळलेलं असतं, त्यामुळे भिजवणं नाही, आणि कण बारीक असल्यानं शिजायलाही वेळ लागत नाही. अडचण एवढीच, की ती इतकी ओळखीची आहेत की त्यांची मापं कोणी छापत नाही. नव्यानं स्वयंपाक करणारी मुलंमुली अंदाजानं करतात, एकदा गुठळ्या होतात आणि पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. म्हणून काही मापं इथे देत आहोत. वाटी म्हणजे आमटीची नेहमीची, साधारण १५० मिलीची, चमचा पोह्याचा.

सगळ्यांत आधी भाताचं. घरात शिरल्यावर पहिलं काम तांदूळ धुऊन लावणं. कपडे बदलणं, फोन बघणं नंतर. कुकरमध्ये डब्यात एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. शिट्ट्यांनंतर वाफ जिरायला जी १० मिनिटं जातात ती कोणत्याच पाककृतीत धरलेली नसतात, पण खरा फायदा तिथेच आहे. तेवढ्यात कालवण होतं.

आता पिठलं, तीन माणसांचं. बेसन एक वाटी, पाणी एकूण तीन वाट्या, तेल तीन चमचे, लसणाच्या ६-७ पाकळ्या सालीसकट ठेचून, हिरव्या मिरच्या तीन, मोडून. कांदा हवाच असं नाही. तो घातला की चिरणं आलं आणि परतण्याची सात-आठ मिनिटंही आली. लसूण ठेचायच्या आधी एक वाटी गार पाण्यात बेसन कालवून ठेवावं, तेवढ्या वेळात ते मुरतं. तेलात मोहरी तडतडली की जिरं, मिरची, लसूण, हिंग, आणि शेवटी हळद. हळद आधी पडली तर करपून कडवट लागते. लगेच दोन वाट्या पाणी आणि मीठ. पाण्याला खळखळून उकळी आली की कालवलेलं बेसन एका हातानं बारीक धारेनं सोडायचं आणि दुसऱ्या हातानं हलवत राहायचं. दाटपणा येतो दीड-दोन मिनिटांत. मग झाकण ठेवून मंद आचेवर सहा मिनिटं.

पिठलं बिघडतं ते बहुतेक दोनच ठिकाणी. कोरडं बेसन उकळत्या पाण्यात वरून पेरलं, की प्रत्येक गोळ्याचं बाहेरचं पीठ पाणी लागताच शिजून घट्ट होतं, आत पाणी जाऊच देत नाही आणि मधलं पीठ कोरडं राहतं. ती गुठळी मग कितीही घोटली तरी पुरती मोडत नाही. पेरून करणाऱ्या जुन्या हातांना ते जमतं, कारण त्यांची चिमूट बारीक असते आणि दुसरा हात थांबत नाही. दमलेल्या रात्री ती परीक्षा देऊ नये. दुसरी चूक घाईची. दाट झालं म्हणजे झालं असं वाटतं, पण बेसन कच्च्या हरभरा डाळीचं असतं. झाकणाखालची सहा मिनिटं दिली नाहीत तर कच्चट वास राहतो. ताटात वाढेपर्यंत पिठलं आणखी घट्ट होतं, त्यामुळे कढईत जरा सैलच दिसायला हवं. फार आळलं तर गरम पाणी घालावं. भाकरी असेल तर उत्तम, पण भाकऱ्या थापायचा आग्रह दमलेल्या माणसाकडे कोणी धरू नये. भाताबरोबर किंवा पावाबरोबर पिठलं तितकंच लागतं, आणि वर कच्चं तेल घेतलं तर तक्रारीला जागा नाही.

कुळथाची पिठी याहूनही सोपी. कुळीथ भाजून, भरडून, टरफल पाखडून मग दळतात, म्हणजे भाजण्याचं काम आधीच झालेलं असतं. म्हणून बेसनाला सहा मिनिटं लागतात तिथे पिठीला एक उकळी आणि वर तीन मिनिटं पुरतात. चार चमचे पीठ, तीन वाट्या पाणी, दोन चमचे तेल, ठेचलेल्या लसणाच्या पाच पाकळ्या, दोन मिरच्या, हिंग. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं हा नियम इथेही तोच. पहिली उकळी येईपर्यंत पळी थांबवायची नाही, नाहीतर पीठ तळाशी बसून लागतं. मग मीठ आणि तीन-चार आमसुलं. पिठी आमटीइतकी पातळ असावी. घट्ट पिठी भातावर पसरत नाही. कोकणाबाहेरच्यांना पीठ शोधावं लागतं, पण मुंबई-पुण्यात कोकणी मालाच्या दुकानांत मिळतं, आणि हवाबंद डब्यात टिकतं.

तांदळाची उकड ही पोट बरं नसलेल्या रात्रीसाठीसुद्धा. एक वाटी तांदळाचं पीठ, एक वाटी आंबट ताक, दोन वाट्या पाणी. लसूण, मिरची, कढीपत्ता, जिरं, हिंगाच्या फोडणीत पाणी उकळायचं आणि पीठ ताकात कालवून त्यात सोडायचं. नुसतं ताक उकळत ठेवलं तर फुटतं. पीठ मिसळलेलं असलं की फुटत नाही, म्हणून हा क्रम. मीठ घालून मंद आचेवर झाकून पाच-सहा मिनिटं. वाढताना वर कच्चं तेल. ही गरमच खायची. गार झाली की दडदडीत होते आणि दुसऱ्या दिवशी गरम करूनही पहिल्यासारखी होत नाही, तेव्हा मोजकीच करावी.

थालीपिठाबद्दल मात्र आमचं मत वेगळं आहे. भाजणी घरात असली की थालीपीठ झटपट, असं सगळीकडे छापून येतं. एकट्याला खरं आहे. पण एक थालीपीठ मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस व्हायला सात-आठ मिनिटं लागतात, आणि तव्यावरच थापायचं तर दुसऱ्यासाठी तवा गार करावा लागतो. चार माणसांचं होईपर्यंत पाऊण तास गॅससमोर जातो आणि करणारा शेवटी एकटा जेवतो. धिरड्यांचंही तेच.

एका भांड्यातलं जेवण हवं तर मुगाची खिचडी. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, साडेचार वाट्या पाणी, चमचाभर गोडा मसाला, मूठभर शेंगदाणे. डाळ मुगाची किंवा मसुराचीच घ्यावी. न भिजवलेली तूरडाळ शिजेपर्यंत तांदळाचं पार पीठ होतं. फोडणी कुकरमध्येच करायची आणि पाणी घातल्यावर उलथन्यानं तळ खरवडून घ्यायचा, कारण तळाला चिकटलेला मसालाच पुढे करपतो. कुकर अर्ध्याच्या वर भरू नये. डाळीला फेस येतो, तो शिट्टीच्या भोकात जाऊन अडकतो आणि ओट्यावर पिवळं पाणी उडतं. मोठ्या आचेवर शिट्ट्या भराभर होतात, पण तेवढ्यात तांदूळ शिजलेला नसतो. त्यापेक्षा पहिली शिट्टी झाली की आच मंद करून घड्याळ लावून पाच मिनिटं ठेवावी. भाजी घालायचीच तर सोललेले मटार, म्हणजे सुरी लागत नाही.

कणकेचा गोळा आणि उरलेलं वरण फ्रीजमध्ये असेल तर चकोल्या, ज्यांना विदर्भात वरणफळं म्हणतात. एक वाटी घट्ट वरणात चार वाट्या पाणी, फोडणी, गूळ, चिंच किंवा आमसूल, गोडा मसाला. आमटी मुद्दाम पातळ ठेवायची, कारण कणीक पाणी पिते. दोन पोळ्यांच्या कणकेची जराशी जाड पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे आणि आमटी खळखळत असताना एकेक करून सोडायचे. सगळे एकदम टाकले तर त्यांचा एक लगदा होतो. आठ-दहा मिनिटांनी एक तुकडा मोडून बघावा. मध्ये पांढरी कच्ची रेघ दिसली तर आणखी दोन मिनिटं. वर तूप.

अंडी खाणाऱ्यांनी उकडणं आणि सोलणं टाळावं. एक कांदा, एक टोमॅटो, चमचाभर कांदा-लसूण मसाला परतून दोन वाट्या पाण्याचा रस्सा करायचा, दाटपणाला दोन चमचे दाण्याचं कूट. रस्सा उकळला की आच मंद करायची, अंडं आधी वाटीत फोडायचं आणि हळूच रश्शात सोडायचं. झाकून पाच मिनिटं, पळी घालायची नाही. रस्सा जोरात उकळत असला तर पांढऱ्याचे धागे होतात. पाव असला की भातही नको. किनारपट्टीवर सुका जवळा असतोच: निवडून कोरडा तीन-चार मिनिटं भाजायचा, त्यात कांदा, ओलं खोबरं, तिखट, चिंचेचा कोळ आणि वरून खोबरेल तेल. गोव्यात याला किसमूर म्हणतात. हे अगदी वाढतेवेळी कालवावं, नाहीतर जवळा मऊ पडतो.

उरलेल्या भाताबद्दल एक इशारा, कारण फोडणीचा भात अशा रात्री हमखास होतो आणि पाककृतींत हे छापत नाहीत. सकाळचा भात दिवसभर ओट्यावर राहिला असेल तर तो परतू नका, टाकून द्या. तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवल्यानं मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात, आणि त्यांच्यापैकी काहींचं विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. भात उरला तर पसरट डब्यात काढून तास-दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा. खोल भांड्यातला भात आतून फार वेळ गरम राहतो. तसा ठेवलेला भात दुसऱ्या दिवशी मोकळाही होतो. शिळ्या पोळ्यांचा कुस्करा मात्र बिनधास्त करावा, फक्त चार पोळ्यांना अर्धी वाटी ताक शिंपडावं, म्हणजे घशात अडकत नाही.

सुट्टीच्या दिवशी करून ठेवायचं ते दोनच. पाव किलो शेंगदाणे भाजून कूट, पंधरा दिवसांत संपेल इतकंच, पुढे खवट होतं. आणि भाजलेल्या मिरच्या-लसणाचा खरडा, फ्रीजमध्ये, आठवडाभराचा. लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवण्याची पद्धत सोडावी. तेलाखाली हवा नसते, आणि बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू नेमके तिथेच वाढतात.

आपल्याला विनंती एवढीच. पाककृतीखाली 'लागणारा वेळ' या एका ओळीऐवजी चार नोंदी छापाव्यात: चिरणं-सोलणं, भिजवणं, गॅससमोर उभं राहणं, घासायची भांडी. पिठल्याची नोंद अशी होईल: चिरणं-सोलणं ३ मिनिटं; भिजवणं नाही; गॅससमोर ६ मिनिटं; भांडी कढई, झाकण, पळी आणि एक वाडगं. खिचडीची: चिरणं-सोलणं १ मिनिट; भिजवणं नाही; गॅससमोर ४ मिनिटं; भांडी कुकर आणि उलथनं. थालीपिठाच्या तिसऱ्या रकान्यात मात्र 'माणशी ८ मिनिटं' असं लिहावं लागेल.

आपले,
काही नियमित वाचक, ठाणे