पाटे मागवायच्या आधी गाडी वजनकाट्यावर घाल

बेळगाव, रविवार रात्र

प्रिय सुहास,

काल फोनवर तू म्हणालास की ऑस्ट्रेलियातनं गाडीचे पाटे (लीफ स्प्रिंग) नि शॉक ॲब्सॉर्बर मागवायलोय, सगळ्यात हेवी असेल तोच सेट घेतो, एकदाच काय तो खर्च. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून तेव्हा नीट बोलता आलं नाही. पण ते वाक्य काही डोक्यातनं जाईना, कारण दोन वर्षांमागं मी अगदी हेच बोललो होतो. म्हणून लिहायलोय. पेमेंट करायच्या आधी हे सगळं वाच बाबा.

माझ्या व्ही-क्रॉसवर, म्हणजे इसुझू डी-मॅक्स पिकअपवर, मागं राहायचा डबा बसवला तेव्हा तू आला होतास. नंतर त्यात गादी आली, ओटा आला, गॅसची टाकी, इन्व्हर्टरची ती जड ट्युब्युलर बॅटरी, शंभर लिटर पाणी, आणि मागची बाजू पार बसली. चोर्ल्याच्या रस्त्यावर खड्डा आला की धाडकन आपटायची. मी मनाशी धरलं की सहाशे किलो तरी वजन असणार, आणि त्याच हिशोबानं सगळ्यात जाड पाटे मागवले. वजन काही केलं नाही. पाटे बसवले, गाडी मागनं मस्त उचलली, दिसायला रुबाबदार, मी खूश. पुढच्याच आठवड्यात आईला घेऊन कणकुंबीच्या माउलीला निघालो. जांबोटी यायच्या आत आईनं कंबर धरली, म्हणाली थांबव रे, सोसवंना मला. पाटा दबतच नव्हता, रस्त्याचा प्रत्येक दगड सरळ सीटमध्ये यायचा. तिथनंच मागं फिरलो. देवीच्या वाटेवरनं आईला परत आणलं हे मला अजून लागतं, आणि सगळी गाडी तिच्यासाठीच तर केली होती.

दुसऱ्या दिवशी काट्यावर गेलो. आधी पाणी, गॅस, भांडी, अंथरूण सगळं भरून फक्त मागची चाकं काट्यावर घातली, मग अख्खी गाडी. डबा बसवायच्या आधीची पावती योगायोगानं घरात होती. मागच्या ॲक्सलवरचा फरक निघाला ३४० किलो. कुठं सहाशे नि कुठं हे.

तिकडच्या कंपन्या, एआरबीचं ओल्ड मॅन एमू घे नाहीतर दुसरं कुठलं, एकाच गाडीला वेगवेगळ्या वजनाचे पाटे देतात, आणि निवडायचं असतं ते गाडीत कायम असणाऱ्या वजनावरनं. दिवाळीला पाहुणे बसतात ते वजन यात धरायचं नाही. पुढच्या स्प्रिंगचंही तसंच. तिकडं बहुतेकांच्या गाडीला पुढं लोखंडी बुलबार (बंपरवरचा जाड गार्ड) नि विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) असतो, त्या वजनाच्या स्प्रिंग वेगळ्या मिळतात. आपल्याकडं डिसेंबर २०१७ पासून बुलबारला बंदी आहे, मग ते वजन नसताना ती स्प्रिंग घालून पुढचा भाग कडक कशाला करायचा? आणि डी-मॅक्स म्हणजे सगळीकडं एकच गाडी असं धरून चालू नको. पाट्याची रुंदी, डोळ्यापासनं डोळ्यापर्यंतची (दोन्ही टोकांच्या कड्यांमधली) लांबी, पानं एकत्र धरणारा सेंटर बोल्ट कुठं येतो, हे टेपनं मोजून फोटोसकट विकणाऱ्याला पाठव आणि त्याच्याकडनं लेखी होकार घे.

परत पाठवू म्हणशील तर ते विसर. लोखंडच ते, एका बाजूचा पाटा उचलायला दोघं लागतात, भाडं जवळपास मालाच्या बरोबरीला जातं. शिवाय कस्टम नुसत्या मालावर लागत नाही, माल अधिक भाडं अधिक विमा अशा सगळ्या रकमेवर ड्युटी, ड्युटीवर दहा टक्के सरचार्ज, आणि ही सगळी बेरीज धरून वर आयजीएसटी. मला २८ टक्के लागला होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टला १८ झालाय, तेवढं तुझं नशीब. बिलावर मात्र प्रत्येक वस्तू वेगळी लिहून घे, कारण कस्टमच्या यादीत पाटे ७३२० नंबरात येतात आणि शॉक ८७०८ मध्ये. माझ्या बिलावर नुसतं 'सस्पेन्शन किट' असं एका ओळीत होतं, त्यावरनं एकोणीस दिवस माल अडकला, रोज फोन करून जीव मेटाकुटीला आला.

बसवताना पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घाल, जुने परत आवळू नको. आणि बुशचे (पाट्याच्या डोळ्यातल्या रबराचे) बोल्ट गाडी जॅकवर असताना फायनल टाइट करू देऊ नको. उद्यमबागेतल्या आमच्या मेस्त्रीनं तेव्हा मला हात धरून थांबवलं, कन्नडात 'तडीरी', म्हणजे थांबा, म्हणाला, गाडी खाली उतरवली, चारी चाकांवर उभी केली, दोनदा दाबून हलवली आणि मगच पाना लावला. अधांतरी टाइट केलं तर गाडी खाली बसताना रबर पिळवटून राहतं आणि थोड्या दिवसात फाटतं. पुढनं गाडी उचलली तर अलाइनमेंट लगेच कर, आणि पाचशे किलोमीटर झाल्यावर सगळं एकदा परत आवळून घे. अजून एक, पाटा जाड झाला म्हणून आरसीवरचं कमाल वजन वाढत नाही, त्या आकड्याच्या आतच राहायचं.

माझ्या पाट्यांचं शेवटी काय केलं विचारशील. आपल्या इथल्या पाटेवाल्याकडं नेले, त्यानं अख्खा गठ्ठा उतरवून पानं मोकळी केली, एकेक पान हातावर तोलून बघितलं, खालचं एक पान काढलं नि परत बांधून दिलं. गाडी दोन बोटं खाली आली पण मऊ चालायला लागली. मागच्या श्रावणात आईचं माउलीचं दर्शन झालं, येताना मागच्या गादीवर गाढ झोपली होती.

तर ऑर्डर आठ दिवस थांबव. शनिवारी पाण्याची टाकी काठोकाठ भरून, वहिनींची भांडीकुंडी सगळी आत ठेवून गाडी घेऊन निपाणीतनं निघ, मी संकेश्वरला येतो, तिथं काट्यावर घालू. हबच्या मध्यापासनं मडगार्डच्या कडेपर्यंत चारी चाकांची मापं उद्याच घेऊन मला पाठव. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
पक्या