रात्रीची मेस

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

रविवारी मी फोन आपटला, ते चुकलंच. "तुझा हामिद म्हणजे गरिबीवर पेरलेली साखर," असं तू म्हणालास आणि माझा तोल गेला. पण भांडण त्या गोष्टीवरून नव्हतं, हे तुलाही ठाऊक आहे. शनिवारी कॉटन मार्केटात तुझ्या रूममेटची आई भेटली होती. मेथी निवडता निवडता बोलून गेली, की तू दोन महिन्यांपासून रात्रीची मेस बंद केली आहेस. बाबांच्या तपासण्यांसाठी आलेले 5,000 त्यातलेच ना?

रागवायचं नाही असं ठरवून लिहायला बसले आहे.

हामिदची ती गोष्ट, प्रेमचंदांची 'ईदगाह', मी वर्गात किती वेळा शिकवली, हिशोब नाही. बाप पटकीने गेलेला, आई झिजून गेलेली, खिशात तीन पैसे. ईदच्या मेळ्यात बाकीची पोरं खेळणी घेतात, मिठाई खातात आणि हा आजीची बोटं तव्यावर भाजतात म्हणून चिमटा घेतो. मी पोरांना सांगायची, असं व्हा. प्रश्नही ठरलेला: हामिदचे गुण लिहा.

काल रात्री पुन्हा वाचली. आजी, अमीना, आधी छाती बडवते रे. दुपार झाली, पोराने खाल्लं नाही, प्यायलं नाही आणि आणलं काय तर चिमटा! रडू नंतरचं. ते एक वाक्य मी वर्गात नेहमी भरभर वाचून पुढे जायची. प्रेमचंद पुढे लिहितात, की लहान हामिद म्हातारा झाला आणि म्हातारी लहान मुलगी. चार-पाच वर्षांच्या पोराला म्हातारं व्हावं लागलं, याचं मी वर्षानुवर्षं कौतुक केलं!

तू पाठवलेली नारायण सुर्व्यांची 'दोन दिवस' कविताही वाचली. म्हणजे बाबांनी वाचून दाखवली, चष्मा माझा घालून. तिथे मेळा नाही, आजी नाही, शेवटी कुणी दुवा देत नाही. एक माणूस किती उन्हाळे उरले ते मोजतो आणि भाकरीच्या चंद्रापायी आयुष्य गेलं म्हणतो. सुर्वे स्वतः टाकून दिलेलं मूल, एका गिरणी कामगाराने वाढवलेलं. त्यांना साखर पेरता आली नसती. इथवर तुझं बरोबर.

पण नानांना ती कविता पाठ होती, ते तुला माहीत नसेल. मिलची तिसरी पाळी करून यायचे, सायकल भिंतीला टेकवायचे आणि हात धुताना म्हणायचे. मी लहान. मला वाटायचं, चंद्र खरंच भाकरीचा असतो. आई त्यांना म्हणायची, आधी जेवा, मग म्हणा. कवितेत ती आई नाही. गोष्टीत आहे. कवितेतला माणूस आपलं दुःख आपणच मोजतो, गोष्टीत दुसरं कुणीतरी त्याच्या पोटाकडे पाहत असतं. मला एवढाच फरक दिसला. तुझ्या सरांना पटेल का, कोण जाणे.

बघ, शिकवायला लागले. सोड.

तू पैसे पाठवलेस ते बाबांनी शेजारच्या काकांना तीनदा सांगितलं. मलाही बरं वाटलं होतं, शनिवारपर्यंत. आता पोळी खाताना घास अडकतो. उपाशी राहून राहिलास आणि फोनवर म्हणतोस, "आई, आज मेसमध्ये पनीर होतं." पनीर! इतकं सहज खोटं तू कधी शिकलास? लहानपणी तर वरच्या खोलीतली बरणी फोडली, तेव्हा कान आधी लाल व्हायचे.

बाबांचा रिपोर्ट बरा आहे. एक गोळी वाढली, बस. 5,000 आज परत टाकले आहेत. मेसवाल्याला दे आणि त्याची पावती मला पाठव. हो, पावतीच. विश्वास नाही असं समज हवं तर.

मावशी गुरुवारी आझाद हिंदने निघते आहे. तिच्यासोबत सांबारवडी आणि लिंबाचं लोणचं देते आहे. स्टेशनवर वेळेत जा, तिच्या गुडघ्याचं तुला माहीत आहे. आणि बरणी पिशवीत उभीच ठेव, मागच्या वेळी सगळं तेल तुझ्या वह्यांवर सांडलं होतं.

तुझी आई