पडले मी!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वडिलांना गाडी सोडायला कसं सांगावं, यावरचा कालचा लेख वाचला. मुलांनी काय बोलावं, वडिलांनी कसं घ्यावं, सगळं आलं. मागच्या सीटवरच्या बाईला मात्र कोणी विचारलेलं नाही. फोटोतसुद्धा बापलेकच.

आमच्याकडे ही ‘चर्चा’ गेल्या महिन्यात झाली. मुलगा आणि जावई सोफ्यावर, हे खुर्चीत, मी चहा गाळत होते. ह्यांचं वय ७६. ‘‘५० वर्षांत एकदाही पडलो नाही,’’ हे म्हणाले. अगदी खरं. पडले मी. दोनदा. दुसऱ्यांदा डहाणूकर कॉलनीजवळच्या गतिरोधकावर, मेथीच्या जुडीसकट. हे तसेच पुढे सिग्नलला जाऊन थांबले आणि ‘‘दूध घ्यायचंय का गं?’’ म्हणून विचारलं. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, ‘‘काका, मागे कोणी नाही.’’

पंचावन्नच्या पुढे परवाना पाच-पाच वर्षांनीच वाढतो आणि त्याला नमुना १-अ वर डॉक्टरांची सही लागते, असं लेखात मोठ्या विश्वासाने लिहिलंय. सही आम्हीही आणली. ‘‘नीट दिसतं ना?’’ डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं. हे ‘‘हो’’ म्हणाले. ‘‘ऐकू येतं ना?’’ ते मी ह्यांना पुन्हा सांगितलं, मग ‘‘हो’’ म्हणाले. शिक्का!

शेवटी मुलगा किल्ली घेऊन वाकडला गेला. प्रश्न सुटला, त्याचा. मंडई, बँक, माझं भजनी मंडळ, सगळं त्या स्कूटरवर चालायचं. १९८६ साली मला लूना शिकायची होती, तेव्हा हेच म्हणाले होते, ‘‘मी आहे ना!’’ आता सूनबाई म्हणते, ‘‘आई, मोबाईलवरून रिक्षा बोलवा.’’ रिक्षा येते, पण चालकाचा फोन आला की पत्ता सांगता सांगता तो रद्द करून मोकळा.

एसटीच्या सवलतीचं कौतुक वाचून तर बरंच वाटलं. ७५ नंतर फुकट, बायकांना अर्धं तिकीट. छानच. फक्त एसटी कोथरूडहून मंडईत जात नाही, आणि शहर बसची पायरी चढायची तर आधी गुडघा बदलून घ्यावा लागेल.

दुसरी किल्ली मोहरीच्या डब्यात आहे, एवढं वाक्य कृपया छापू नये.

– एक वाचक, कोथरूड, पुणे

ता. क. शब्दकोड्याचा टाइप एवढा बारीक का केलात? ह्यांना सूचना दिसत नाहीत, रोज मला वाचून दाखवाव्या लागतात.