खचलेल्या माणसाला काम सांगा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकजवळच्या अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एखादा लहान कारखाना बंद पडला की वर्तमानपत्रात क्वचित दोन ओळी येतात. मालकाने जिवाचे बरेवाईट केले तर चार येतात. या दोन बातम्यांच्या मधल्या काळात तो माणूस कसा जगतो, हे छापून येत नाही. मी त्या काळातून गेलो आहे, म्हणून हे पत्र.

अंबडला भाड्याच्या गाळ्यात माझे दोन लेथ आणि एक मिलिंग मशिन होते. मोठ्या कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या एका कारखान्याचे जॉबवर्क मी करत असे. गाडीचे मॉडेल बदलले, आमचा पार्ट बंद झाला, मागची बिले अडकली आणि बँकेचे हप्ते थकले. मशिने ट्रकवर चढली. कामगारांचे पगार पत्नीच्या पाटल्या मोडून दिले. राहिले ते मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, काही घरांचे हातउसने पैसे, आणि ते बँकेच्या कर्जापेक्षा जड होते. दर रविवारी त्याच माणसांच्या शेजारी उभे राहून ‘आमची ऋणे आम्हास सोड’ ही प्रभूची प्रार्थना म्हणायची. माझा आवाज फुटेना. मी उपासनेला जाणेच बंद केले.

काही महिन्यांनी आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, घरी आले. उपदेश केला नाही. चहा घेतला आणि म्हणाले, “रविवारचे दान मोजायला एक माणूस कमी पडतोय. येत्या रविवारपासून तुम्ही बसा.” मी म्हणालो, “साहेब, लोकांचे पैसे माझ्याकडे अडकलेत आणि तुम्ही मला पैसे मोजायला बसवता?” ते म्हणाले, “कमिटीला विचारूनच आलोय.” त्या कमिटीत मला पैसे देणारेही होते. त्यांच्यापैकीच एकजण त्या रविवारी वही घेऊन माझ्या शेजारी बसले. मी नोटा लावत होतो, ते आकडा लिहीत होते. उधारीचा विषय त्यांनी काढला नाही. घरी आल्यावर मी पत्नीसमोर खूप रडलो.

माझी मशिने परत आली नाहीत, हे स्पष्ट सांगतो. दुसऱ्याच्या शॉपमध्ये ऑपरेटर म्हणून उभा राहिलो, पाळ्या केल्या आणि पगारातून थोडे थोडे करून सगळ्यांचे पैसे फेडले. ‘येशूवर विश्वास ठेवा, धंदा दुप्पट होईल’ असे सांगणारे प्रचारक हल्ली मोबाइलवर पुष्कळ दिसतात. बुडालेल्या माणसाला ते आणखी खोल ढकलतात, कारण धंदा वाढला नाही की तो स्वतःच्या विश्वासालाही दोष देऊ लागतो. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, असे आश्वासन मला सापडलेले नाही.

मला तिथे सापडली ती दोन माणसे. येशूला धरले त्या रात्री त्याचे दोन शिष्य कोसळले. यहूदाने तीस रुपये घेऊन त्याला धरून दिले. पेत्राने महायाजकाच्या वाड्यात, कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत असताना, ‘मी त्याला ओळखत नाही’ असे तीनदा सांगितले. पस्तावा दोघांनाही झाला. यहूदा ते तीस रुपये परत करायला याजकांकडे गेला, ‘मी पाप केले’ असे स्वतःच्या तोंडाने म्हणाला. देवाचे काम करणाऱ्या त्या माणसांनी उत्तर दिले: आम्हाला त्याचे काय, तुझे तू पाहा. तो तिथून निघाला आणि त्याने गळफास घेतला. पेत्र मात्र आपल्या सोबत्यांमध्ये राहिला. पुढे तिबिर्याच्या सरोवराकाठी पुन्हा कोळशाचा विस्तव होता, त्यावर मासळी होती, भाकर होती. उठलेल्या प्रभूने आधी सगळ्यांना न्याहारी दिली. ‘तू मला का नाकारलेस’ हा प्रश्न विचारलाच नाही. ‘माझ्यावर प्रीती करतोस काय’ एवढे तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा आपली मेंढरे त्याच्या हवाली केली. योहानाच्या शुभवर्तमानाचा हा एकविसावा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. दानाच्या नोटा हातात आल्यावर तो मला कळला.

आपल्या नाशिकला तर मोडलेल्या माणसाच्या हाती काम देण्याची ही रीत नवी नाही. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले शरणपूरच्या ख्रिस्ती मिशनमध्ये आणली गेली. त्या मुलांचा काहीच दोष नव्हता, माझ्यासारख्या बुडीत धंदेवाल्याशी त्यांची तुलना मी करत नाही. पण त्यांना नुसते अन्नवस्त्र देऊन बसवून ठेवले नाही, अक्षरओळखीबरोबर हातात कसबही दिले. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेले मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचा मृतदेह आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत पोहोचवणाऱ्यांमध्ये होता आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीला हजर होता. बाजारात ज्याची किंमत लावली गेली, त्याच्यावर एवढी जबाबदारी आली. शरणपूर रोडने रोज जाणाऱ्या किती नाशिककरांना हे ठाऊक असेल?

म्हणून सगळ्या मंडळ्यांच्या कमिट्यांना माझी कळकळीची विनंती आहे. एखाद्याचा धंदा बुडाला, नोकरी गेली, घर मोडले की आपण त्याच्यासाठी प्रार्थना करतो आणि त्याचे नाव मात्र कामाच्या यादीतून हळूच काढून टाकतो. त्याला वाईट वाटू नये, असे कारण देतो. त्याला ते बरोबर कळते. उपासनेत बायबलचे वाचन द्या, सतरंज्या घालायला सांगा, संडे स्कूलच्या मुलांना सहलीला न्यायला सांगा, पण काम सांगा. आणि ते काम विश्वासाचे असू द्या.

शनिवारी संध्याकाळी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये धंदा बुडालेली काही माणसे बसतात. मीही असतो. ख्रिस्ती असण्याची अट नाही, प्रार्थनेला थांबायचे की नाही हेही ज्याचे त्याने ठरवावे. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ कर्जाचे कागद वाचून तडजोडीचा अर्ज लिहून देतात. कोणत्या शॉपला टर्नर हवा आहे, कुठे रात्रपाळीला माणूस लागतो, हे आम्ही एकमेकांना सांगतो. अंबड, सातपूर, सिन्नर, कुठल्याही वसाहतीतल्या माणसाने यावे. येताना बँकेच्या नोटिसा सोबत आणाव्यात, न फोडलेली पाकिटेसुद्धा.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक