सिस्टर, तुम्ही तो प्रश्न विचारलात

आदरणीय सिस्टर,
स. न. वि. वि.

गणपतीनंतरच्या सोमवारी ग्रामीण रुग्णालयात रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आलेले निवृत्त शिक्षक, म्हणजे माझे वडील, तुमच्या स्मरणात असतीलच. तोंडी आभार मानून माझे समाधान होत नव्हते, आणि ज्यांच्या घरात वडीलधारी माणसे आहेत त्यांनाही हे कळावे असे वाटले, म्हणून हे उघड पत्र.

आई गेल्यापासून अण्णांची अन्नावरची वासना उडाली होती, पहाटे तीनलाच जाग येत होती आणि वर्तमानपत्राची घडी संध्याकाळपर्यंत तशीच पडून असे. विचारले तर कंबर दुखते, पोटात बरे वाटत नाही, एवढेच सांगत. एका डॉक्टरांनी वयोमानाने असे चालायचेच म्हणून परत पाठवले, आणि आम्हालाही ते पटले. पुढे त्यांनी बँकेत वारसनोंद करून घेतली, उसनवारी फेडली आणि ज्याला रोज सकाळी न चुकता चावी देत ते मनगटी घड्याळ पुतण्याला देऊन टाकले. मी पुण्यात बसून या निरवानिरवीचे कौतुक करत होतो.

तुम्ही मात्र सहा किलोने उतरलेले वजन पाहिलेत आणि दंडावरचा पट्टा सोडता सोडता, आवाज खाली घेऊन विचारलेत, "गुरुजी, जगू नये असं मनात येतं का?" अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रोज येतं." आत्महत्येविषयी विचारले तर नको तो विचार आपणच डोक्यात घातल्यासारखे होईल, ही माझी समजूत तिथेच गळून पडली, विचार होताच, आणि कुणीतरी विचारल्यावर अण्णांचे खांदे सैल झालेले मी शेजारी उभा राहून पाहिले.

त्यानंतर तुम्ही त्यांना एकटे सोडले नाहीत. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांची दुसऱ्याच दिवशीची वेळ घेतलीत, घरातल्या गोळ्या आणि शेतीची औषधे कुलपात ठेवून किल्ली काकांकडे द्यायला लावलीत, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो असे सांगून केसपेपरच्या मागे मोठ्या अंकांत लिहून दिलात. तो कागद अजून कालनिर्णयाशेजारी टांगलेला आहे.

डॉक्टरांनी थायरॉईड आणि बी-१२ तपासून नैराश्याचे निदान केले. उतारवयातले नैराश्य पुष्कळदा रडण्यापेक्षा अंगदुखीतून आणि मेलेल्या भुकेतून दिसते, नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि या वयात त्या गोळ्यांनी रक्तातले सोडियम उतरू शकते म्हणून तेही पाहावे लागते, हे आम्हाला तेव्हा कळले. तिसऱ्या आठवड्यात अण्णा गोळ्या बंद करायला निघाले, तेव्हा तुमच्याच फोनने ते थांबले.

ते पूर्ण बरे झाले असे मी म्हणणार नाही. सकाळ अजून जड जाते. पण परवा त्यांनी पुतण्याला विचारले, "घड्याळाला चावी देतोस ना रे?" येत्या सोमवारी त्यांना तपासणीला आणतो आहे. आईने लावलेल्या झाडाची लिंबे त्यांनी तुमच्यासाठी वेगळी काढून ठेवली आहेत, ती कृपया नाकारू नका.

आपला कृतज्ञ,
गुरुजींचा मुलगा