अकलूजच्या बागेत बाबांना द्राक्ष चाखायला देणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

फेब्रुवारीत फ्राटेली वायनरीच्या बागेत तुम्ही ज्या माळकरी काकांना उन्हातान्हात हिंडवलंत, त्यांची मी मुलगी. आभार तेव्हाही मानले होते, पण घाईत. सावकाश मानायचे राहिले होते.

बाबांचं पंढरपूर तालुक्यात डाळिंब आहे. मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून ही वायनरी काढली, हे त्यांना ठाऊक होतं. त्यावर त्यांचं मत एकच: "उसाच्या मुलखात दारूची द्राक्षं कशाला?" मला मात्र ‘सेट्टे’ ही त्यांची सांजोव्हेसे आणि कॅबर्ने या द्राक्षांची रेड वाइन जिथं तयार होते ती जागा बघायची होती. गाडीत होते म्हणून तेही आले.

तुम्ही त्यांच्या गळ्यातली माळ पाहिलीत आणि ग्लासाचं नावही काढलं नाहीत. थेट वेलीपाशी नेलंत, कॅबर्ने सॉव्हिन्योंचे चार मणी तोडून हातावर ठेवलेत आणि म्हणालात, "काका, आधी रस पिळून बघा." काळ्याभोर मण्यातून जवळजवळ बिनरंगी रस निघाला. बाबा चकित! रंग सगळा सालीत असतो, म्हणून रेड वाइन सालीसकट आंबवतात, वर तरंगून आलेल्या सालींवर खालचा रस पुन्हा पुन्हा सोडतात, हे तुम्ही सांगितलंत. मग साल आणि बी चावायला लावलीत. तोंड आवळलं तसे बाबा म्हणाले, "हा तर डाळिंबाच्या दाण्यांमधल्या पापुद्र्याचा तुरटपणा." इतकी वर्षं मी बाटलीवर ‘फुल-बॉडीड’ वाचत होते. तो भरदारपणा गोडीचा नसतो, साल, बी आणि पिकलेल्या द्राक्षाच्या साखरेतून बनलेलं अल्कोहोल यांचा असतो, हे मला त्या दिवशी बाबांच्या तोंडावरून कळलं.

पुढचा तास तुम्ही दोघंच बोलत होतात. आमचे कासेगावचे पाहुणे खायच्या द्राक्षाचं एकरी दहा-बारा टन काढतात, हे बाबांनी ऐटीत सांगितलं. चांगल्या रेड वाइनसाठी मात्र हिरवे घड मुद्दाम छाटून टाकतात, म्हणजे उरलेल्यांत दम भरतो, हे ऐकून त्यांना जरा धक्काच बसला. काडी वाढवायची खरड छाटणी आणि फळ धरायची गोडी छाटणी, यांवर मात्र तुमचं लगेच जुळलं. युरोपात थंडीत वेल झोपतो, आपल्याकडे झोपतच नाही, म्हणून दोनदा कात्री लावावी लागते. इटलीच्या सांजोव्हेसेलाही माळशिरस तालुक्यात हाच नियम, याचं बाबांना भारी समाधान वाटलं!

अशा ठिकाणी पैसे देणाऱ्याकडे बघून बोलतात, सोबतच्या म्हाताऱ्या माणसाला सावलीत खुर्ची देतात. तुम्ही शेतकऱ्याशी शेतीबद्दल बोललात.

जाता जाता मला दिलेला सल्लाही कामी आला. पुण्याच्या एप्रिलात ‘सेट्टे’ची बाटली वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली, तासभर आधी उघडली आणि सुक्क्या मटणात तिखट निम्मं घातलं. सांजोव्हेसेची आंबट चेरी आधी, मागून कॅबर्नेचा जडपणा आणि ओकच्या पिंपाचा वास. बाबांनी त्यांच्या पिठलं-भाकरीवरून मान वर करून एवढंच विचारलं, "तुरट लागतंय का?"

लागत होतं. त्यांनी कासेगावला फोन करून सांगितलंसुद्धा.

सप्टेंबरात छाटणी सुरू झाली की त्यांना पुन्हा यायचंय. काडीच्या कोणत्या डोळ्यावर, म्हणजे फुटव्याच्या जागी, कात्री मारतात ते त्यांना स्वतः बघायचंय. चालेल ना?

तुमची,
काकांची मुलगी