बांध कोणी कोरला?

बार्शी
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय अनू,

हाताने लिहितेय, अक्षर सांभाळून घे. टाईप करायला बसले असते तर बोटांनी सवयीनं वर 'विनंती अर्ज' असं मारून खाली 'अर्जदार नम्रपणे कळविते की' सुरू केलं असतं. एकोणीस वर्षं कोर्टाच्या दारात बसून दुसऱ्यांचं टाईप केल्यावर माणसाला स्वतःचं पत्रसुद्धा सुचत नाही.

काल रात्री तू फोन ठेवला नाहीस, आपटलास. मी रागावले नाही. तू रागाच्या भरात क्लॅटच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेच्या, मॉक पेपरचे जे फोटो पाठवलेस, त्यांच्या प्रिंट बाबांनी सकाळी झेरॉक्सवाल्याकडून काढून आणल्या. मी नऊला बसले ती दुपारी एकला उठले. भाकरी आजीनं थापल्या आणि 'परीक्षा पोरीची आहे की हिची' असं दोनदा म्हणून झालं.

तू म्हणालीस, निगेटिव्हनं घात केला. मी हिशेब मांडला. १२० पैकी १०८ सोडवलेस, ७० बरोबर, ३८ चूक. चुकीला पाव गुण, म्हणजे दंड गेला साडेनऊ. हातात उरले साडेसाठ. आता त्या दंडाकडे जरा बघ. चार पर्याय असतात. डोळे मिटून चार प्रश्न ठोकले आणि नशिबानं त्यातला एक बरोबर आला, तर मिळतो एक आणि कापला जातो पाऊण. म्हणजे अगदी आंधळ्या माणसालाही पाव गुण सुटतो. तेव्हा ते पाव गुणाचं भूत डोक्यातून काढून टाक. तुझं खरं नुकसान ते ३८ आहेत, जे तू वेळ घालवून, उतारा वाचून, विचार करून चुकवलेस. आंधळेपणानं चुकणं परवडलं असतं, निदान वेळ तरी वाचला असता.

गणिताचं आधी उरकते, कारण त्यात बोलण्यासारखं काही नाही. १२ पैकी ७ तू हातच लावले नाहीस. शेकडेवारी आणि गुणोत्तर, दहावीच्या पातळीचं. दहावीला गणितात ८८ घेणारी मुलगी शेवटची सहा मिनिटं उरली म्हणून ते सोडून देते? उद्यापासून गणित आधी सोडव. बारा प्रश्न, बारा मिनिटं, संपला विषय.

आता ३८ मधले १४ एकट्या लीगल रीझनिंगमधले, म्हणजे कायद्याच्या उताऱ्यांवरचे आहेत, आणि मला बोलायचंय ते त्याबद्दल.

त्या लालमन शुक्लाच्या उताऱ्यावर माझी नजर अडकली. कानपूरच्या गौरी दत्त यांचा पुतण्या घरातून नाहीसा होतो. ते मुनीमाला, म्हणजे लालमनला, हरिद्वारकडे शोधायला पाठवतात, गाडीभाड्याचे पैसे देतात. तो गेल्यावर इकडे पत्रकं निघतात, पोरगा शोधून देणाऱ्याला ५०१ रुपये बक्षीस. लालमनला पत्रकाचा पत्ताच नाही. तो पोराला शोधून काढतो. नंतर बक्षिसाचं कळतं तेव्हा दावा लावतो आणि १९१३ साली अलाहाबाद हायकोर्ट म्हणतं, नाही मिळणार. का, तर जो देकार, म्हणजे समोरच्यानं पुढं केलेला प्रस्ताव, तुला माहीतच नव्हता तो तू स्वीकारलास कसा?

तू उत्तर लिहिलंस, बक्षीस मिळावं, कारण मुलगा त्यानंच शोधला. पेन्सिलीनं बाजूला 'ऑब्व्हियस' असंही लिहिलंयस. अनू, मी जज्ज असते तर मीही दिलं असतं. १९१३ सालचे ५०१ रुपये! त्या मुनीमाला घर बांधता आलं असतं. पण उताऱ्याच्या चौथ्या ओळीत छापलंय की स्वीकार करणाऱ्याला देकाराची माहिती असली पाहिजे. तू ती ओळ वाचलीस, तिच्याखाली रेघही मारलीस आणि उत्तर देताना स्वतःच्या मनातलं दिलंस. १४ पैकी ९ चुका याच जातीच्या आहेत, मी मोजल्यात.

आता माझी एक गोष्ट ऐक. तुला कधी सांगितली नाही, कारण लाज वाटते.

मी बसायला लागून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. अजून टायपरायटरच होता, कार्बन घालून तीन प्रती काढायच्या. एक म्हातारबाबा आले, धोतर, हातात पिशवी. शेजाऱ्यानं बांध कोरला म्हणून दावा होता. वकीलसाहेब घाईत होते. म्हणाले, बाई, यांचं ऐकून प्रतिज्ञापत्राचा कच्चा मसुदा मारून ठेवा, मी नजर टाकतो. बाबांना विचारलं, काय झालं? म्हणाले, "त्यानं बांध कोरला. चांगला हातभर आत आला." बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं. मला आपले आप्पा आठवले. मी टाईप केलं, 'जाबदार याने सामाईक बांध कोरून अर्जदाराचे क्षेत्रात अतिक्रमण केले.' साहेबांनी नजर टाकलीच नाही, सही-शिक्का झाला, दाखल झालं.

पुढं क्रॉसला, म्हणजे उलटतपासणीला, समोरच्या वकिलानं एकच प्रश्न घातला. जाबदाराला बांध कोरताना तुम्ही स्वतः बघितलं का? बाबा खरं बोलणारे. म्हणाले, नाही बघितलं, पण दुसरं कोण कोरणार? मग हे लिहिलं कसं? तर बाबा म्हणाले, "ते बाईंनी लिहिलं."

साहेबांनी मला हे चहाच्या टपरीवर सांगितलं, हसत हसत. मला चहा गेला नाही. ते म्हणाले, फार काही नाही हो, नुसतं 'बांध कोरल्याचे आढळून आले' एवढं लिहायचं होतं. तेवढंच त्यांनी बघितलं होतं, कोरलेला बांध.

'कोरला' आणि 'कोरल्याचे आढळून आले'. मधल्या जागेत मी माझी दया घातली आणि म्हातारा उघडा पडला. तेव्हापासून माझ्यासमोर कोणीही बसलं की मी विचारते: बघितलंत, ऐकलंत, की वाटतंय? लोक चिडतात. एक बाई तर म्हणाल्या होत्या, तुम्ही आमच्या बाजूच्या की त्याच्या? पण तीन वेळा विचारल्याशिवाय माझी बोटं चालत नाहीत.

तुला उताऱ्यात हेच करायचंय. पर्याय निवडलास की बोट उताऱ्यावर ठेव आणि विचार, हे कोणत्या ओळीत आहे? ओळ सापडली तर टिक कर. सापडली नाही तर पर्याय कितीही न्यायाचा वाटो, तो तुझा आहे, उताऱ्याचा नाही. कधी कधी पेपर काढणारे मुद्दाम खऱ्या कायद्याच्या उलटा नियम देतील. तरी तोच लावायचा. कायद्याचं पूर्वज्ञान लागत नाही असं तेच सांगतात, आणि तुझी रूममेट लॅटिन वचनं पाठ करत बसते म्हणून तू घाबरतेस! करू दे तिला. आपल्या बाररूममध्येही लॅटिन बोलणारे दोघे आहेत. पक्षकार त्यांच्याकडे फारसे जात नाहीत.

इंग्रजीचं बोलू. तू म्हणालीस, मराठी शाळेत घातलंत म्हणून मी मागे पडते. ते लागलं मला, खोटं कशाला बोलू. ही परीक्षा फक्त इंग्रजीत आहे, उतारे साडेचारशे शब्दांच्या आसपास, १२० मिनिटांत १२० प्रश्न, आणि तुझा वाचायचा वेग कमी पडतो हे खरं. पण तुझा इंग्रजीचा भाग मी तपासला, २४ पैकी चुकले सहाच. तुला इंग्रजी येतं. तू एकेक ओळ दोनदा वाचतेस, कारण पहिल्यांदा वाचताना तुझा तुझ्यावर भरवसा नसतो. तीन आठवड्यांत नवं व्याकरण शिकत बसू नकोस. रोज इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख घड्याळ लावून एकदाच वाच, पेपर उलटा ठेव आणि लिहिणाऱ्याचं म्हणणं काय होतं ते मराठीत दोन ओळींत वहीत लिही. मराठीत लिहिता आलं तर समजलं. मी हायकोर्टाच्या इंग्रजी ऑर्डरी अशाच वाचायला शिकले, तेही चाळिशी लागल्यावर.

ते सेकंडहँड जीकेचं पुस्तक मात्र रद्दीत दे. त्यात अजून भारतीय दंड विधान चालू आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं ३०२ होतं ते १०३ झालं, फसवणुकीचं ४२० गेलं ३१८ मध्ये. माझी बोटं अजून ३०२ कडे पळतात, मग मागे येऊन खोडायचं. परवा आजी त्या दूधवाल्याला चारसोबीस म्हणाली. बाबा म्हणाले, आई, आता तीनशे अठरा म्हणायचं. तो बिचारा गोंधळून अर्धा पाव दूध जास्त घालून गेला.

क्लासवाल्यांचा फोन आला होता. 'शेवटच्या टप्प्याचं पॅकेज' घ्या म्हणतात, आणखी अकरा हजार. मी नाही म्हटलं. जूनमध्ये फॉर्मवर माझी सही घेताना मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'कोणत्याही कारणास्तव फी परत मिळणार नाही' होतं आणि ते मी, टाईप करणारी बाई, न वाचता सही करून आले. सही माझीच का घेतली ते तूच मला दिवाळीत शिकवलंस. ती कलकत्त्याची मोहरीबीबीची केस, १९०३ ची, अल्पवयीन मुलाचा करार मुळातच रद्दबातल. तू सतरा वर्षांची, तुझ्या सहीला किंमत शून्य. तर त्यांच्याकडचे आधीचे मॉक पेपर आहेत तेवढेच सोडव. नवीन पेपर सोडवण्यापेक्षा जुन्या पेपरातल्या चुका ओळीनिशी शोधणं जास्त उपयोगी पडेल.

आणि सीईटीला 'उरलेल्यांची परीक्षा' म्हणत जाऊ नकोस. आपल्या राज्याची लॉची प्रवेश परीक्षा आहे, मराठीतूनही देता येते, चुकीला दंड नाही. त्यातूनच पुण्याच्या आयएलएसला जाता येतं, मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजला जाता येतं. ते १८५५ पासूनचं आहे, तिथं बाबासाहेब प्राचार्य होते. राष्ट्रीय विधी विद्यापीठाची वर्षाची फी लाखांत आहे, ते बाबा आणि मी बघू, तो आकडा तू तोंडात आणायचा नाहीस. डोमिसाईल सेतूतून काढून ठेवलंय. मुंबई, नागपूर, संभाजीनगर, तिन्ही ठिकाणी इथल्या मुलांना काही जागा असतात, त्याला लागेल.

७ डिसेंबरला दुपारी दोन ते चार पेपर आहे. रोज त्याच वेळेला एक पेपर सोडवायची सवय लाव. दुपारी जेवून डुलक्या काढणारी मुलगी तू, सकाळच्या गार हवेतल्या मार्कांवर विसंबू नकोस. गोल भरायला निळा किंवा काळा बॉलपेन, जेल नको, पसरतं. मोबाईल आत नेता येणार नाही, म्हणून बाबांचं काट्यांचं एचएमटी घड्याळ पाठवतेय. ते दिवसाला दोन मिनिटं पुढं पळतं. त्या दिवशी सकाळी लावून घे.

एसटीनं येणाऱ्या शेजारच्या काकूंबरोबर पिशवी दिलीय. शेंगाचटणी आहे, कडक भाकरी आहेत, आजीनं लाडू घातलेत. रूममेटलाही दे, लॅटिन बोलणारी असली तरी.

फोन कर. रडायचं असेल तर रड, पण आपटू नकोस, तुझ्या फोनचे अजून चार हप्ते राहिलेत.

तुझी
आई

ता. क. दिवाळीत तू त्या बाल्फोर नवरा-बायकोची केस सांगितली होतीस, १९१९ ची. घरातल्या माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द कोर्टात करार म्हणून चालत नाही म्हणे. प्रवेश मिळाला की लॅपटॉप घेऊन देईन असं मी बोलले होते. दुकानदाराला पाच हजार देऊन पावती आणलीय. कपाटात आहे, तुझ्या डोमिसाईलखाली.